तुमपालेची बहीण

शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं तेव्हा अल्जेरिया नेमका कुठे, हे आमच्या चिलुंब्यात कुणालाच धड सांगता येईना. "आफ्रिकेतच आहे ना? मग असा किती लांब असणार," असं बाबा म्हणाले. ते सरोवरावरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. जिथे बोटीने जाता येत नाही ती सगळी गावं त्यांना सारखीच. अमामाने, म्हणजे माझ्या आईने, काहीच विचारलं नाही. तिला धीर आला तो तुमपालेचं नाव ऐकल्यावर.

तुमपाले म्वांगोंडे आमच्याच जिल्ह्यातली, करोंगाची. मला ज्या बात्ना शहरात औषधशास्त्र शिकायला पाठवणार होते तिथेच ती त्याच्या चौथ्या वर्षाला होती. त्या शहरात मलावीची ती एकटीच. आमच्या राजधानीतल्या, लिलोंग्वेच्या शिष्यवृत्ती कचेरीतून तिचा नंबर मिळाला आणि आमचं फोनवर बोलणं सुरू झालं. 'जाड मोजे आण. मक्याचं पीठ जमेल तेवढं आण, इथे नुसता पाव खाऊन जीव जातो. फ्रेंचची भीती नको, मी शिकवीन.' अमामाने लगेच दोघींच्या वाटणीचं पीठ आणि सुकवलेले उसिपा मासे बांधून ठेवले. निघायच्या आधी महिनाभर मात्र तुमपालेचे निरोप तुटक होत गेले. 'हो.' 'बरं.' मग काहीच नाही. परीक्षा असेल, असं आम्ही म्हणालो.

अल्जेरियाच्या राजधानीच्या विमानतळावर एका सरकारी माणसाने आम्हा नव्या मुलांना देशांच्या नावांनी हाका मारल्या आणि वेगवेगळ्या बसमध्ये बसवलं. बात्नाच्या बसमध्ये मी आणि काँगोचे दोन मुलगे. ते आपसात फ्रेंचमध्ये बोलून हसत होते. मी बाहेर बघत होते. करडे डोंगर, मेंढ्या, पुन्हा डोंगर. कुठेही पाणी दिसेना. फाटकाशी तुमपाले उभी असेल, तिला मिठी मारली की सगळं ठीक होईल, एवढंच डोक्यात होतं.

फाटकाशी ती नव्हती. मुलींच्या वसतिगृहाच्या दारावर खाल्ती झुलेखा होत्या. 'खाल्ती' म्हणजे मावशी, हे मला नंतर कळलं. त्यांनी काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं. मी फक्त "तुमपाले" म्हणाले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "सिसी. माय सिसी." आमच्याकडे वयाने मोठ्या कुठल्याही मुलीला सिसीच म्हणतात. झुलेखाबाईंचा चेहरा असा उजळला की मी गोंधळलेच. त्यांनी मला जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आत तोंड करून ओरडल्या. मुली धावत आल्या. एकीने बॅग घेतली, दुसरीने पाठीवर हात फिरवला. सगळ्या एकच शब्द म्हणत होत्या, "उख्तहा! उख्तहा!" किती मायाळू लोक आहेत, असं मला वाटलं.

माझी पिठाची पिशवी उचलून जिना चढणारी मुलगी युगांडाची होती. अकेलो तिचं नाव. पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. आवाज मोठा, आणि देवाच्या कृपेने इंग्रजी बोलणारी.

"बरं झालं बाई आलीस," ती धापा टाकत म्हणाली. "महिन्याभरापासून ही मंडळी तुमच्या घरच्यांना शोधताहेत. काय भरलंयस यात, दगड?"

"पीठ. कुणाच्या घरच्यांना?"

"तुझ्या. तुझ्या बहिणीच्या. 'उख्तहा' म्हणजे तिची बहीण."

"ती माझी बहीण नाही. मी तिला अजून पाहिलंसुद्धा नाही."

अकेलो पायरीवरच थांबली. तिने खाली झुलेखाबाईंकडे पाहिलं. त्या अजून हात जोडून वर बघत होत्या. "मग हे इतक्यात खाली सांगू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या बिचारीने तू यावीस म्हणून नवस बोललाय."

खोलीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. एका पलंगावर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून पडलं होतं.

"दार लाव," ती आमच्या भाषेत म्हणाली.

घरून निघाल्यापासून आपली भाषा पहिल्यांदाच कानावर पडली आणि मला रडू फुटलं. ती उठून बसली. केस कित्येक दिवसांत विंचरलेले नव्हते, पण चेहरा सुंदर होता, फोनवरच्या फोटोतल्यापेक्षाही. तिने मला बराच वेळ न्याहाळलं.

"कुणी पाठवलं तुला?"

"मी वेझी, सिसी. चिलुंब्याची. आपण फोनवर…"

"नळाचं पाणी पिऊ नकोस. त्यात घालतात ते."

"कोण घालतात?"

अजाण पोराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा भिंतीकडे वळली.

नवी मुलगी पहिल्या दिवसांत काय काय शिकते! खाणावळ कुठे, आंघोळीचं गरम पाणी कधी येतं, दुकानदार जिभेने 'टच्' करतो तेव्हा 'नाही' म्हणतो. मला हे कुणी शिकवलं नाही, धडपडत कळलं. सकाळी फ्रेंचचा वर्ग. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, पण त्या फ्रेंचमधून फ्रेंच शिकवायच्या. काँगोचे मुलगे कंटाळून जांभया द्यायचे आणि मला वाटायचं, मी पाण्याखाली बसलेय आणि वर लोक बोलताहेत. दुपारी खाणावळीतून डाळ आणि पाव घेऊन खोलीवर जायचं. तुमपाले खाणावळीतलं खात नसे. मग विजेच्या शेगडीवर मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा घोटायची. बाहेरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्यात, तेही तिच्यादेखत झाकण उघडून.

तसे चांगले दिवसही यायचे, नाही असं नाही. एका शुक्रवारी मी वर्गातून आणलेला पाठ घोकत होते तर मागून आवाज आला, "असं नाही गं. नाकातून म्हण. सर्दी झाल्यासारखं." मी वळून पाहिलं. तुमपाले अंगावर चादर गुंडाळून बसली होती. तिने म्हणून दाखवलं. काय गोड उच्चार होता! मी म्हटलं तर ती खळखळून हसली. "करोंगाच्या बाजारातली शेळी बोलतेय," म्हणाली. त्या दिवशी तिने स्वतः उसिपा टोमॅटोत शिजवले, बोटं चाटून खाल्ले, माझ्या केसांच्या वेण्या घातल्या. पहिल्या वर्षी तिलाही कसं काही कळायचं नाही, रसायनशास्त्राच्या परीक्षेत ती वर्गात कशी दुसरी आली होती, ते सांगितलं. मी अमामाला फोन करून म्हणाले, सिसी बरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलंगाखाली शिरून बसली होती आणि मी शेगडीची तार काढून टाकावी म्हणून गयावया करत होती.

मला वर्गात असताना बोलावणी येऊ लागली. वसतिगृहाच्या मुख्य बाईंच्या खोलीत एक डॉक्टर, झुलेखाबाई, अकेलो, तुमपाले आणि मी. तुमपाले त्या सगळ्यांशी चार वर्षं फ्रेंचमध्ये आणि अरबीत बोलली होती. बाजारात भाव करायची, बायकांच्या थट्टेला थट्टेने उत्तर द्यायची, असं झुलेखाबाई अकेलोकरवी सांगायच्या. आता तिने त्या दोन्ही भाषा टाकून दिल्या होत्या. ती फक्त आमच्या तुंबुकात बोलायची, तेही भिंतीकडे बघून. म्हणून दुभाषी मी! डॉक्टर फ्रेंचमध्ये विचारणार, अकेलो ते इंग्रजीत करणार, मी तुंबुकात.

"डॉक्टर विचारतात, आवाज ऐकू येतात का?"

"त्यांना सांग, त्यांना माहितीये."

मी अकेलोला सांगितलं. अकेलोने डोळे मिटले. "असं कसं सांगू मी त्यांना? तूच सांग."

"मला येत नाही."

"मग सोड. झोप लागत नाही म्हणते, असं सांगते."

मुख्य बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला समोर बसवलं, खजूर दिला. अकेलोकरवी म्हणाल्या, "आम्ही तिला बळजबरीने दवाखान्यात घालू शकत नाही. तू घरची आहेस. तू हो म्हण, नाहीतर घरी कळव. काय करायचं ते सांग."

"मी घरची नाही," मी म्हणाले.

अकेलोने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मुख्य बाईंनी माझा हात थोपटला आणि काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, घाबरलीये बिचारी. रक्ताचं माणूस असं असलं की कुणीही घाबरेल."

तुमपालेची आई अधूनमधून माझ्या फोनवर फोन करायची, कारण तुमपालेने स्वतःचा फोन कधीच मोडून टाकला होता. मी काही बोलायच्या आत तुमपाले माझ्या हातून फोन ओढून घ्यायची आणि तिचा आवाज एकदम उजळायचा. "हो अमामा! अभ्यास फार. जेवते तर काय, ही चिलुंब्याची पोरगी मला नुसती खाऊ घालते. चर्चमधल्या मंडळींना नमस्कार सांग. धाकटीला म्हणावं, पाढे पाठ कर." पलीकडून आईचं हसणं मला ऐकू यायचं. मग फोन माझ्या मांडीवर यायचा आणि ती भिंतीकडे वळायची. मी नंतर फोन करून खरं सांगायला गेले तर तिच्या आईला वाटलं, आमचं दोघींचं भांडण झालंय. "परदेशात दोघीच आहात गं," ती मला समजावत राहिली. "मोठी आहे ती. बोलली काही तर मनावर घेऊ नकोस."

शेवटी मी माझ्या अमामाला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे फोनवर सांगायचं नसतं. मी जाते." दुसऱ्याच दिवशी ती मिनीबसने करोंगाला गेली, त्या बाईच्या अंगणात बसली आणि समोरासमोर बोलली. संध्याकाळी तुमपालेच्या आईचा मला फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. त्या दिवशी तुमपालेनेही फोन मागितला नाही.

पण घरच्यांना कळलं म्हणून काय होणार होतं? आमच्या देशाची वकिलात त्या देशात नव्हती. कारभार दुसऱ्याच देशातून चालायचा, आणि तिथे फोन लागला तर माणूस जागेवर नसायचा. करोंगाची माणसं लिलोंग्वेला खेटे घालत होती. मुख्य बाई माझ्याकडे बघत होत्या. मी कुणाकडे बघणार?

बात्नात पहिला बर्फ पडला तेव्हा मी वर्गातच होते. मुलगे आरडाओरडा करत बाहेर पळाले. मीही खिडकीशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, क्षणभर सगळं विसरायला झालं. आणि रस्त्यावर तुमपाले दिसली. पायांत रबरी चपला, कमरेला चितेंजेचं सुती कापड गुंडाळलेलं, वर पातळ सदरा. बसस्थानकाच्या रस्त्याने ती भराभर चालली होती.

मी तशीच धावले. गाठलं तोवर ती मोठ्या रस्त्याच्या मधोमध होती. गाड्या भोंगे वाजवत बाजूने जात होत्या.

"सिसी, चल घरी. सिसी!"

"बोट सुटेल," ती म्हणाली. "तिन्हीसांजेच्या आत न्काटा बेला पोचायचंय. तू सोड मला."

न्काटा बे म्हणजे आमच्या सरोवरावरचं बंदर. मी तिचा हात धरला. तिने झटकला. ती माझ्याहून उंच, ताकदीची. दोघी घसरून पडलो. लोक थांबले. एकाने मला काही विचारलं, दुसऱ्याने विचारलं, गाडीवाला ओरडला. मला सगळे चेहरे दिसत होते आणि एकही शब्द कळत नव्हता. मी तुंबुकात ओरडत होते, 'ती आजारी आहे, ती आजारी आहे.' ते एकमेकांकडे बघत होते. दोन काळ्या मुली रस्त्यात मारामारी करताहेत, एवढंच त्यांना दिसत असणार. मग एक म्हातारी पुढे आली. तिने आपला लोकरी झगा उतरवून तुमपालेच्या अंगावर घातला आणि तिचे पाय आपल्या हातांत धरून चोळू लागली. त्या पायांकडे माझं तेव्हा लक्ष गेलं. ते राखेच्या रंगाचे झाले होते. मी वर्गाला निघाल्यापासून ती तशीच बाहेर फिरत होती, हे नंतर कळलं.

कुणीतरी गाडीत घालून आम्हाला इस्पितळात नेलं. तिथला तरुण डॉक्टर घाईत होता. त्याने तुमपालेला विचारलं. ती छताकडे बघत राहिली. मग तो माझ्याकडे वळला. प्रश्न, पुन्हा प्रश्न. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. तोंड उघडलं आणि वर्गात घोकलेलं बाहेर पडलं, अगदी स्पष्ट, नाकातून: "माझं नाव वेझी. मी एकोणीस वर्षांची आहे. मी मलावीहून आले. मला संगीत आवडतं."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. शेजारची नर्स हसू लागली आणि मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. तिने मला खुर्चीत बसवलं, गोड चहा हातात दिला. अकेलो येईपर्यंत मी तो चहा धरून बसले होते.

तुमपालेला ठेवून घेतलं. पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली. त्यानंतर तिला दुसऱ्या इमारतीत नेलं. तिच्या दाराला आतून कडी नव्हती. भेटायला मी गेले की ती औषधाने जड झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायची. कधी ओळखायची, कधी मला तिची धाकटी बहीण समजायची आणि पाढे म्हणायला लावायची. मी म्हणायचे. झुलेखाबाई माझ्याबरोबर यायच्या, घरून आणलेलं सूप तिला चमच्याने भरवायच्या आणि तिच्याशी अरबीत बोलत राहायच्या, ती उत्तर देवो न देवो. एकदा परतताना त्यांनी अकेलोला विचारलं, "हिला आणखी किती बहिणी आहेत?" अकेलोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांग, घर भरलेलं आहे."

थंडी सरत आली तेव्हा करोंगाहून तिचे मामा आले. उसना कोट घातलेले शाळामास्तर. विमानात पहिल्यांदाच बसलेले. भाचीला पाहून त्यांनी टोपी काढली आणि ती हातातच धरून ठेवली. राजधानीच्या विमानतळापर्यंत मी आणि अकेलो बरोबर गेलो. कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मामांना काही विचारलं. त्यांना कळेना. मी पुढे होऊन माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये सुरुवात केली, अडखळले, पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात मागून तुमपाले बोलली. इतक्या महिन्यांनी, शांत, सुरेख फ्रेंचमध्ये. तिने त्याला सांगितलं की ती शिकायला आली होती, तब्येत बिघडली म्हणून परत जाते आहे, हे तिचे मामा आहेत. अधिकारी खूश झाला. शिक्का मारून माझ्याकडे बघून म्हणाला, "बहिणीकडून शिकून घ्यायचं होतंस थोडं."

"शिकते आहे ती," तुमपाले म्हणाली.

मग ती लंगडत मामांच्या मागे गेली. अकेलोने माझा दंड घट्ट धरला. "रडायचं तर रड गं बाई," ती म्हणाली, पण रडत होती ती स्वतः.

वसतिगृहात परतल्यावर मी खिडकीवरची वर्तमानपत्रं काढली. डिंकाचे डाग राहिले, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. सकाळी फ्रेंचच्या वर्गात गेले. भूतकाळ चालू होता.

दोन वर्षांनी सुट्टीत घरी आले तेव्हा करोंगाला गेले. तुमपालेच्या आईने माझ्यासाठी कोंबडी केली होती, भात केला होता. तुमपाले अंगणात तांदूळ पाखडत होती. अंगाने भरली होती, चेहरा जरासा सुजलेला, केस नीट बांधलेले. मला पाहून हसली. "आलीस," म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे बघू लागली. औषधं चालू होती. मिळायची तेव्हा. जिल्ह्याच्या इस्पितळात ती संपली की ती पुन्हा रात्रंदिवस जागी राहायची, असं तिच्या आईने सांगितलं.

जेवण झाल्यावर आईने मला घरात बोलावलं, दार लोटलं.

"आता खरं सांग बाळा. तिथे काय झालं तिला? कुणी मारलं? कुणी फसवलं? कुणावर जीव जडला होता का?"

"मला माहीत नाही, अमामा. मी गेले तेव्हा ती तशीच होती."

"इतके महिने एका खोलीत होतीस. काहीतरी बोलली असेल."

मी आठवू लागले. पाणी, शेगडी, बोट. त्यातलं काय सांगणार? ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती, जणू मी आता सांगेन आणि मग काहीतरी करता येईल.

"नाही बोलली," मी म्हणाले.

तिने मान हलवली. चितेंजेच्या टोकाने चेहरा पुसला आणि माझ्याबरोबर द्यायला केळी बांधू लागली.

मिनीबसच्या रस्त्यापर्यंत तुमपाले मला सोडायला आली. ऊन कडक होतं. ती हळू चालत होती, मीही.

"तिसरं वर्ष ना तुझं? विषशास्त्र असतं," ती म्हणाली.

"हो."

"कठीण असतं." ती वाटेतला खडा चुकवून पुढे झाली. "मला त्यातलं काही आठवत नाही आता. कालच बघत होते. शब्द आठवतात, अर्थ नाही."

गाडी आली, मी चढले. ती झाडाखाली उभी होती. तिने हात केला नाही, मीही केला नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "बहीण का?"

मी हो म्हणाले.